सुतावरचा आळ

सुती किंवा इतर वनस्पतिजन्य धाग्यांचे उन्हाळी विणकाम म्हणजे कापूस, जवस यांच्या तंतूंपासून बनलेल्या धाग्याने, दोन सुयांवर किंवा क्रोशाने, अंगात घालायचे हवेशीर कपडे तयार करणे. बिनबाह्यांचे टॉप, आखूड बाह्यांचे कुडते, बंड्या, पातळ शाली, लहान मुलांची झबली-टोपडी हे सारे त्यात येते. या कामाविरुद्ध महाराष्ट्रात एक समज खोल रुजला आहे. विणकाम थंडीचे आणि लोकरीचे. सुताने विणावेत ते रुमाल, तोरणे आणि टेबलावरची आच्छादने, कपडे नव्हेत. हा समज हवामानाच्या, इतिहासाच्या आणि तंतूंच्या गुणधर्मांच्या कसोटीवर टिकत नाही. सुतावर जे दोष लादले जातात त्यांतले बहुतेक सुताचे नाहीतच; ते लोकरीसाठी आखलेले नमुने आणि मापे तशीच्या तशी सुतावर चालवण्याचे आहेत. कापूस पिकवणाऱ्या आणि वर्षातला बराच काळ घामाघूम असणाऱ्या प्रदेशात हा गैरसमज खोडून काढणे गरजेचे आहे.

पहिला आक्षेप हवामानाचा. आपल्याकडे थंडी पडते ती किती, मग विणायचे कशाला, असा प्रश्न पुण्याजवळच्या चऱ्होलीसारख्या ठिकाणी सहज विचारला जातो. त्यातले निरीक्षण खरे आहे. चऱ्होली बुद्रुक 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. इंद्रायणीपलीकडे चऱ्होली खुर्द, शेजारी आळंदी, एका अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत आणि उत्तरेला चाकणची, असा हा परिसर. हवामान पुण्याचेच. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे सरासरी तापमान 11-12 अंशांपर्यंत उतरते, पण त्याच दिवशी दुपारी ते 30 अंशांच्या आसपास असते. एप्रिलमधली दुपारची सरासरी 37-38 अंशांवर जाते आणि पावसाळ्याचे चार महिने हवा दमट राहते. म्हणजे स्वेटरची गरज जेमतेम तीन महिने, तीही पहाटे आणि रात्री. मात्र यावरून विणकामच निरुपयोगी ठरवणे चुकीचे आहे. लोकरीला इथे तीन महिने काम असेल, तर सुताला नऊ महिने आहे. प्रश्न विणावे की नाही हा नसून कशाने विणावे हा आहे.

दुसरा आक्षेप परंपरेचा. विणकाम हे मुळात थंड देशांचे, लोकरीचे कसब. ते साहेबाबरोबर इकडे आले. सुताशी त्याचा संबंध ओढूनताणून जोडलेला, असे मानले जाते. उपलब्ध पुरावा वेगळे सांगतो. सुयांवर विणलेले म्हणून खात्रीने ओळखता येणारे जगातले सर्वांत जुने नमुने इजिप्तमधले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले आहेत. त्यांत निळीने रंगवलेल्या आणि पांढऱ्या सुताचे नक्षीदार मोजे आहेत. या विद्येचे सर्वांत जुने हाती लागलेले काम उष्ण देशातले आहे आणि त्यात कापूस आहे. क्रोशाची गोष्टही अशीच. आयर्लंडमध्ये 1845 नंतरच्या दुष्काळात हजारो बायकांनी ज्या क्रोशाच्या जाळीवर पोट भरले, ती जाळी बारीक सुताची होती. त्याच दशकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर भागात क्रोशा शिकवला. तिथली हवा चऱ्होलीपेक्षा कितीतरी दमट, आणि तिथे आजही बायका सुताच्याच दोऱ्याने काम करतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतले क्रोशाकाम सुताचे, आणि मराठी घरांतले तोरण-रुमालही सुताचेच. हात सुताला सरावलेलेच आहेत. ते सूत टेबलावरून अंगावर येणे एवढेच बाकी राहिले आहे.

तिसरा आक्षेप असा की उन्हाळ्यासाठी विणलेले कापड मुळातच गैरसोयीचे. त्यासाठी मलमल, खादी, मांजरपाट असे मागावरचे कापडच योग्य. या आक्षेपाला उत्तर प्रत्येक घरातल्या दोरीवर वाळत असते. पुरुषांचा बनियन हे मागावरचे कापड नाही. एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवून ते बनते. सुती बनियन ताणून भिंगाखाली धरला तर एका बाजूला सुलट टाक्यांच्या ओळी आणि दुसऱ्या बाजूला उलट टाक्यांचे उंचवटे स्पष्ट दिसतात. टी-शर्टचेही तेच. तिरुप्पूरचा सारा होजियरी उद्योग या विणीवर उभा आहे. सुताची वीण उन्हाळ्यात सोसवत नसती, तर भर वैशाखात कातडीला लागून असलेला पहिला कपडा त्याच विणीचा नसता. यंत्रावर विणले की ते सोयीचे आणि हाताने विणले की गैरसोयीचे, असे म्हणायला काहीच आधार नाही. फरक असेल तर तो धाग्याच्या जाडीचा आहे, आणि जाडी निवडणे विणणाऱ्याच्या हातात असते.

चौथा मुद्दा धाग्याच्या स्वभावाचा. बाजारात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले बहुतेक मेंढीचे नसून ॲक्रिलिकचे, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेल्या तंतूचे असतात. ॲक्रिलिकचे गुण नाकारण्याचे कारण नाही. ते हलके असते, रंग पक्के बसतात, कसर लागत नाही, धुवायला सोपे आणि स्वस्तही असते. थंडीतल्या कानटोपीला किंवा पांघरुणाला ते चालते. पण उकाड्यात कपड्याचे मुख्य काम घाम हाताळणे हे असते आणि तिथे ते कमी पडते. प्रमाण हवेत, म्हणजे सुमारे 20 अंश तापमान आणि 65 टक्के सापेक्ष आर्द्रता असताना, कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओल शोषून ठेवतो. जवसाचा तंतू, म्हणजे लिनन, सुमारे 12 टक्के. ॲक्रिलिकचा आकडा दीड-दोन टक्क्यांचा आहे, पॉलिएस्टरचा अर्ध्या टक्क्याच्याही खाली. त्वचेवरून एक ग्रॅम घाम उडून जाताना शरीरातली सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. हा घाम टिपून पृष्ठभागावर पसरवणारा धागा ते काम सोपे करतो. न टिपणाऱ्या फुगीर धाग्याखाली घाम चिकट थर होऊन राहतो. शिवाय ॲक्रिलिकचा धागा लोकरीसारखा ऊबदार व्हावा म्हणून मुद्दाम फुगवलेला असतो. त्यात अडकलेली हवा थंडीत उपकारक असते आणि मे महिन्यात तीच बाधते.

या मुद्द्याची सर्वांत दुखरी बाजू तान्ह्या मुलांच्या कपड्यांत दिसते. बाळ कोणत्याही महिन्यात जन्माला आले तरी आजी-मावशीच्या हातचा लोकरीचा सेट येतो: झबले, टोपडे, मोजे. त्यामागची माया खरी असते, श्रम खरे असतात, पण धागा चुकीचा असतो. एप्रिलमध्ये जन्मलेल्या बाळाच्या डोक्याला टोपडे हवे असेल तर ते सुती असावे आणि पातळ धाग्याने विणलेले असावे. मोजे विणताना जाळीची वीण टाळावी आणि आतल्या बाजूला लोंबता धागा ठेवू नये, कारण त्यात बोट अडकू शकते. एवढे पाळले तर त्याच हातांची तीच माया बाळाला नऊ महिने उपयोगी पडते.

धुण्याचाही हिशेब इथे येतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात ॲक्रिलिक कपड्यांच्या सहा किलोच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू सुटू शकतात असा अंदाज निघाला. धुण्याचे पाणी शेवटी ओढ्या-नदीकडेच जाते, आणि चऱ्होलीची नदी इंद्रायणी आहे. सुती कपड्यांतूनही तंतू सुटतात, पण कापूस हा सेल्युलोज आहे आणि जिवाणू तो कुजवतात. ॲक्रिलिक वर्षानुवर्षे तसेच राहते.

आता पाचवा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. सुताचा विणलेला कपडा जड होतो, लोंबतो, चार धुण्यांत आकार सोडतो, बॉर्डर सैल पडते आणि विणताना बोटे दुखतात. अनुभवी विणणाऱ्या बायका हे सांगतात, आणि त्यांचे निरीक्षण अचूक आहे. वाद आहे तो त्यांनी काढलेल्या कारणाशी. कापसाची घनता सुमारे 1.54, ॲक्रिलिकची सुमारे 1.17, म्हणजे तेवढ्याच आकारमानाचा कापूस सुमारे 30 टक्क्यांनी जड. मेंढीच्या लोकरीच्या तंतूला निसर्गतः वळणे असतात, तो तुटण्याआधी 25 ते 35 टक्क्यांपर्यंत ताणला जातो आणि सोडला की मागे येतो. कापसाचा तंतू पाच ते दहा टक्क्यांतच तुटतो, लिननचा त्याहूनही आधी. थोडक्यात, लोकरीच्या कपड्याला आकार देणारी लवचीकता तंतूतच असते. सुती कपड्यात ती फक्त फासांच्या रचनेत असते. लोकरीचा नमुना हे गृहीत धरून आखलेला असतो की धागा स्वतः मागे खेचेल. तोच नमुना, त्याच टाक्यांनी, तेवढ्याच जाड सुताने विणला तर कपडा लोंबणारच. तो दोष चुकीच्या गृहीताचा आहे.

सुतासाठी गृहीत बदलले की उपायही सरळ निघतात. पहिला, धागा बारीक घ्यावा. आठ नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या सुयांवर जाड सूत विणण्यापेक्षा दहा नंबरच्या, म्हणजे 3.25 मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक सुयांवर पातळ सूत विणावे. वजन घटले की लोंबणेही घटते. दुसरा, नमुन्याचा चौकोन विणल्याविणल्या मोजू नये. कपडा जसा धुतला जाणार तसाच तो धुवावा, वाळवावा, मग खालच्या कडेला चिमटे लावून रात्रभर टांगावा आणि नंतर मोजावा. टांगल्यावर 10 सेंटिमीटरचे 11 सेंटिमीटर झाले, तर 55 सेंटिमीटर लांबीच्या टॉपसाठी 50 सेंटिमीटरच विणायचे. तिसरा, कमरेला आणि मनगटाला एक सुलट-एक उलट अशी घट्ट बॉर्डर घालून तिने आवळून धरावे ही अपेक्षा सोडावी. त्याऐवजी सगळ्या ओळी सुलट विणलेली सपाट पट्टी, दुमडून शिवलेली कड, क्रोशाच्या मुक्या खांबांची एक ओळ किंवा सरळ नाडी वापरावी. चौथा, गळ्यापासून खाली एकसंध विणण्यापेक्षा तुकडे वेगळे विणून शिवावेत. खांद्याची आणि बाजूची शिवण कपड्याचे वजन पेलते. पाचवा, माप अंगाबरोबर न ठेवता छातीशी दहा-पंधरा सेंटिमीटर सैल ठेवावे. उकाड्यात हवा खेळण्यासाठी तशीही तेवढी जागा लागते.

या उपायांत परके असे काही नाही. पैरण, बंडी, बाळाचे झबले हे सगळे सरळ तुकड्यांचे, सैल, बंदांनी किंवा नाडीने बांधायचे कपडे याच हवामानात घडले आहेत. सुती विणकामाला नमुना हवा असेल तर तो युरोपातल्या अंगाबरोबर बसणाऱ्या स्वेटरकडून घेण्याऐवजी त्यांच्याकडून घ्यावा. क्रोशात तर हे आणखी सोपे आहे. साखळ्या आणि खांब यांची मोकळी जाळी कमी सुतात जास्त कापड देते, वाऱ्याला वाट देते आणि लवकर वाळते. नुसते घट्ट खांब भरत नेले तर मात्र कपडा चटईसारखा ताठ होतो. ती चूक रुमालाच्या सवयीतून येते, कारण रुमाल ताठच हवा असतो.

बोटे दुखण्याची तक्रारही गंभीरपणे घेण्यासारखी आहे. लोकर प्रत्येक टाक्याला थोडी सैल होते. सूत होत नाही, त्यामुळे ताण मनगटावर येतो. लाकडी किंवा बांबूच्या सुया, सैल हात आणि मध्येमध्ये विश्रांती यांनी तो कमी होतो. ज्यांना सांधेदुखी आहे त्यांनी क्रोशाच्या मोकळ्या विणीकडे वळणे बरे. हे सुताचे खरे ओझे आहे आणि ते लपवून सुताची बाजू मांडणे योग्य नाही.

पावसाळ्याचा आक्षेपही काही अंशी खरा आहे. आषाढात जाड सुती विणकाम दोन-दोन दिवस ओले राहते आणि त्याला कुबट वास येतो. पण हे जाड विणकामाला लागू आहे. बारीक धाग्याची जाळीदार वीण टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली आणि सपाट पसरली तर ती पुष्कळ लवकर वाळते. पिळणे आणि ओले असताना दोरीला टांगणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. आकार बिघडतो तो बहुधा तिथेच.

सहावा मुद्दा आक्षेपाचा नसून फसव्या कैवाराचा आहे. सुताऐवजी बांबूचा धागा घ्या, तो अधिक थंड आणि अधिक निसर्गस्नेही, असा प्रचार असतो. बाजारातला मऊ, चमकदार बांबूचा धागा बहुतेक वेळा व्हिस्कोस असतो: बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यातून पुन्हा ओढलेला तंतू. व्हिस्कोसच्या निर्मितीत कार्बन डायसल्फाइड हे विषारी द्रव्य लागते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये असा माल नुसता बांबू म्हणून विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली. हा धागा घाम चांगला टिपतो आणि छान पडतो हे खरे. पण भिजल्यावर त्याची ताकद बरीच कमी होते, तर कापसाची उलट वाढते. रोज धुवायच्या कपड्यात हा फरक मोठा आहे. लिनन उत्तम, पण विदर्भात पिकणारे जवस तेलबियांसाठीचे असते. कापडासाठीचा लांब तंतू वेगळ्या वाणांतून येतो आणि तो बहुतांशी आयात होतो. अंबाडी, ताग, घायपात हे आपल्याकडचे तंतू दोरखंडाला आणि पिशव्यांना योग्य आहेत, अंगाला नाहीत. सगळा विचार करता महाराष्ट्रातल्या अंगावरच्या विणकामासाठी पहिला धागा कापूसच ठरतो. घेताना खात्री करायची असेल तर धाग्याचा छोटा तुकडा जाळून पाहावा. कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. ॲक्रिलिक वितळते आणि कडक काळी गोळी उरते. व्हिस्कोसही कापसासारखेच जळते, म्हणून या चाचणीने ते वेगळे काढता येत नाही.

कापसाची बाजू घेताना त्याचा स्वतःचा जमाखर्चही मांडला पाहिजे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वनस्पतिजन्य म्हणजे निर्दोष, असे म्हणणाऱ्याने हे विसरता कामा नये. पण यातून निघणारा धडा कापूस सोडण्याचा नाही. महाराष्ट्रातला कापूस बहुतांशी कोरडवाहू आहे आणि लाखो कुटुंबे त्यावर जगतात. इथले जुने देशी वाण कमी पाण्यात तगणारे आणि रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी तोंड देणारे. ते मागे पडले, कारण त्यांचा आखूड, जाडसर तंतू गिरण्यांना हव्या असलेल्या बारीक सुताला चालत नव्हता. हातविणीच्या धाग्याला तेवढे बारीक सूत लागत नाही. त्याला जाडसर सुताचे अनेक पदर एकत्र पिळलेले हवे असतात. जो कापूस गिरणीच्या हिशेबात हलका ठरला, त्याला विणकामात मानाची जागा मिळू शकते.

इथेच खरी अडचण आहे, आणि तिचे खापरही सुतावर फोडले जाते. दुकानात विणण्याजोगे सूत मिळत नाही, असे म्हटले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पुण्याच्या तुळशीबागेतल्या दुकानांपासून उपनगरांपर्यंत ॲक्रिलिकच्या रंगांच्या रांगा दिसतात. सुताचे गुंडे बहुधा तोरण-रुमालाच्या बारीक, चकचकीत दोऱ्याचे असतात. चमक येते मर्सरायझेशनने: जॉन मर्सर याने 1844 मध्ये शोधलेली आणि 1890 च्या सुमारास होरेस लो याने ताण देऊन पूर्ण केलेली कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया. असा दोरा बळकट असतो, रंग चांगला धरतो आणि जाळीदार टॉपला उत्तम शोभतो. रोजच्या वापरासाठी मात्र चार पदरी, मऊ पिळाचे सूत लागते. खादीचे सूत बहुतेक एकपदरी, मागासाठी केलेले असते. एकपदरी पिळाचे सूत विणले तर कापड एका बाजूला तिरके जाते. उलट पिळाने दोन किंवा चार पदर एकत्र केले की पीळ समतोल होतो आणि वीण सरळ राहते. म्हणजे शेत आणि सुई यांच्यामधला गळलेला दुवा फक्त पदर पिळण्याचा आहे. राज्यात सहकारी आणि खासगी सूतगिरण्या आहेत, वर्ध्यासारखी खादीची केंद्रे आहेत. मागणी दिसली तर हा दुवा जोडणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. मागणी नाही म्हणून माल नाही आणि माल नाही म्हणून मागणी नाही, हे चक्र विणणाऱ्यांनीच मोडायचे आहे.

शेवटचा आक्षेप पैशांचा: सूत महाग पडते. मध्यम मापाच्या एका बिनबाह्यांच्या टॉपला साधारण 200 ते 300 ग्रॅम सूत लागते आणि त्यावर कित्येक संध्याकाळचे श्रम जातात. त्या श्रमांच्या तुलनेत धाग्याच्या किमतीतला फरक किरकोळ आहे. स्वस्त धाग्यावर इतके तास घालवून वर्षातले थोडेच दिवस घालण्याजोगा कपडा करणे हीच खरी उधळपट्टी. सुती कपडा वर्षातले नऊ महिने अंगात राहतो, उसवून तेच सूत पुन्हा विणता येते, झिजलेल्या जागी जुळणारा टाका घालता येतो.

चऱ्होलीच्या नव्या गृहसंकुलांत आणि जुन्या वाड्यांत विणणारे हात आजही आहेत. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत उकाड्यात राबणारी आणि तसल्याच हवेत वाढणारी माणसे त्यांच्याच घरची आहेत. त्या हातांनी लोकरीचा नमुना बाजूला ठेवून बारीक सूत, टांगून मोजलेला चौकोन, सैल सरळ तुकडे आणि नाडी एवढे स्वीकारले, की सुतावरचे जवळजवळ सगळे आक्षेप गळून पडतात. उरतो तो हाताला पडणारा ताण आणि पावसाळ्यातली थोडी जास्त काळजी. आणि नऊ महिने अंगाला सुख देणाऱ्या कपड्यासाठी ही किंमत फार नाही.